वरचे चार

टोचे तीन होते आणि माणसं चार. त्यामुळे एकजण नेहमी रिकाम्या हातानं बसायचा, आणि ज्याचे हात रिकामे त्याचं तोंड चालायचं. गेले तीन दिवस ती पाळी बहुतेक मधल्याकडेच येत होती.

“ताई, इतकं हळू टोचतेस, डब्याला दुखेल की काय?” तो म्हणाला.

थोरलीनं डबा गुडघ्यांत धरला, झाकणावर टोचा टेकवला आणि लाकडी ठोकळ्यानं वरून ठोकलं. पत्रा फाटला, आतली हवा फुस्सकन सुटली आणि चिमूटभर पिवळसर पूड तिच्या मनगटावर उडाली. डब्यावरचं गुटगुटीत बाळ हसत होतं ते हसतच राहिलं. तिनं डबा डावीकडे लोटला आणि उजवीकडून दुसरा ओढला.

बाळांच्या दुधाची पावडर. चारशेच्या वर खोकी, एकेका खोक्यात चोवीस डबे, आणि सगळ्यांची मुदत संपलेली. कंपनीनं माल परत घ्यायला नकार दिला होता. तुम्हीच मागवलात, तुम्हीच नष्ट करा, आणि आमच्या निरीक्षक बाईंसमोर करा. हमाल गोदामातलं काम थांबल्यावर दुसरीकडे गेले होते. पण असते तरी थोरलीनं त्यांना बोलावलं नसतं. एखादा डबा न टोचता बाहेर गेला आणि कुणाच्या लेकराच्या पोटात गेला, तर? हे काम घरच्या हातांनीच व्हायला हवं, असं तिनं सांगितलं, आणि त्या घटकेपुरतं कुणी तिला उलटं बोललं नाही.

तीन दिवसांत पूड सगळीकडे बसली होती. केसांत, पापण्यांवर, चहाच्या कपांच्या कडांना. सगळ्या गोदामाला नुकतंच पाजून निजवलेल्या बाळाच्या तोंडाचा वास येत होता. अडुसष्ट वर्षांच्या आयुष्यात थोरलीनं स्वतःचं मूल मांडीवर घेतलं नव्हतं. भावंडांची आणि त्यांच्या मुलांची घेतली होती. हा वास तिला फार आवडायचा. आता तिनं पदर नाकावर बांधला होता.

निरीक्षक बाई दाराशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. पंचावन्नच्या आसपासच्या, चष्मा नाकावर घसरलेला, मांडीवर नोंदवही. वाईट नव्हत्या त्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, “मी फक्त मोजणार. मला काही विचारू नका, कारण माझ्या हातात काही नाही.”

मधल्याची सून त्यांच्यासाठी चहा घेऊन गेली, तशी धाकट्यानं टोचा खाली ठेवला आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला.

“ताई, चार वाजता त्या बाई निघणार. त्याच्या आधी सही हवी.”

“वाचून दाखव.”

“काल दाखवलं होतं ना.”

“काल मी ऐकलं नव्हतं.”

धाकट्यानं मधल्याकडे पाहिलं. मधला छताकडे पाहू लागला. मग धाकट्यानं खालच्या आवाजात वाचलं. जास्तीची मागणी संगणकावर नोंदणाऱ्या व्यक्तीच्या अननुभवामुळे गेली. त्या व्यक्तीला कामावरून दूर केलं आहे. तरी कंपनीनं एजन्सी पुढे चालू ठेवावी.

“व्यक्ती म्हणजे सूनबाई,” थोरली म्हणाली.

“नाव खाली घातलंय. घालावंच लागतं, त्यांच्या कागदावर तशी जागा आहे.” धाकटा पुढे सरकला. कंपनीशी बोलणं, माल मागवणं हे त्याचं काम. गोड बोलण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. “हे बघ, ताई. त्यांच्या साहेबांशी माझं बोलणं झालंय. जबाबदार माणूस बाजूला केला तर सहा महिने बघू म्हणतात. नाहीतर पहिल्या तारखेपासून माल त्यांच्या स्वतःच्या केंद्रातून येणार. मग हे गोदाम म्हणजे नुसत्या चार भिंती. दादाचे ट्रक काय वाहणार? आणि तू? तू सकाळी उठून कुठं जाणार आहेस?”

हे शेवटचं त्यानं मुद्दाम मायेनं विचारलं, आणि ते बरोबर लागलं. पन्नास वर्षं ती सकाळी आठला हे कुलूप उघडत आली होती. नाना, म्हणजे या तिघांचे वडील, गेले तेव्हा एजन्सी तिच्या नावावर झाली, म्हणून सही तिची हवी होती.

“पोरगी काय म्हणते?” तिनं मधल्याला विचारलं. “तुझी सून आहे.”

“तिला कुठंही नोकरी मिळेल,” मधला म्हणाला. “शिकलेली आहे. या पुरवठ्याच्याच अभ्यासाचं सर्टिफिकेट आहे तिच्याकडे, काचेच्या चौकटीत. माझ्या ट्रकना चौकटीत कोण लावणार?”

“आणि तुझा मुलगा जहाजावरून परत आल्यावर त्याला काय सांगणार?”

मधल्यानं रिकामे हात एकमेकांवर घासले. “घर वाचवायचं तर कुणावर तरी खापर फुटणारच, ताई.”

थोरलीनं कागद घेतला, चष्मा लावला, पण वाचला नाही. तिची नजर समोरच्या भिंतीवर गेली. चौदा महिन्यांत पहिल्यांदाच ती भिंत दिसत होती. पुढची खोकी हलल्यामुळे नानांनी स्वतःच्या हातानं तैलरंगात लिहिलेली मोठी अक्षरं उघडी पडली होती: *आधी आलेला आधी बाहेर.* माल इतका आला की मधली वाट बुजली. वाट बुजली म्हणून मागचा जुना माल मागंच अडकला, आणि पुढचा नवा तेवढा जात राहिला. शेवटी दोन्ही सारखेच म्हातारे झाले.

सूनबाई परत आली. तिनं कागदाकडे पाहिलं. जमिनीवर बसली, टोचा उचलला, एक डबा फोडला. मग दुसरा. तिसऱ्यावर तिचा हात थांबला.

“काका, माझ्या नावाचं स्पेलिंग बरोबर घातलंत ना? मागच्या वेळी पगाराच्या कागदावर चुकलं होतं.”

“हे बघ सूनबाई, यात वैयक्तिक काही नाही.”

“नाव माझं आणि वैयक्तिक नाही,” ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. थोरलीला ते जास्त लागलं. “मी एकच विचारते. मग तुम्ही सगळे म्हणाल तसं. बाबा, दुकानांच्या चिठ्ठ्या तुम्ही गोळा करायचात. दुकानदारांनी शंभर खोकी मागितली, तर आत्यांना तुम्ही किती सांगायचात?”

“शंभर म्हणजे शंभर,” मधला म्हणाला.

“बाबा.”

“बरं, एकशेवीस. अगं, रस्त्यात एखादं खोकं चेपतं, एखादं भिजतं. आणि ट्रक अर्धा रिकामा आणायचा म्हणजे डिझेल जाळून हवा वाहायची. भरून आलेला बरा.”

खोक्यांवर खुणा करायचा खडू शेल्फवर होता. सूनबाईनं तो घेतला आणि जमिनीवरच्या पांढऱ्या पुडीत जागा पुसून शंभर लिहिलं, त्यापुढे एकशेवीस.

“आत्या?”

थोरली कागदाची घडी नीट करत राहिली. खरं तर इथंच तिनं बोलायला हवं होतं. पण तिच्या तोंडून आलं ते हे: “माझ्याकडे जे यायचं ते मी तुझ्याकडे द्यायची.”

सूनबाईनं तिच्याकडे क्षणभर पाहिलं. मग मान खाली घालून एकशेवीसपुढे रेघ मारली आणि पुढच्या आकड्यासाठी जागा सोडली.

त्या मोकळ्या जागेकडे थोरलीला पाहवेना. तिला तिथं एक बाई उभी दिसत होती.

तेव्हा ती अठरा-एकोणीस वर्षांची होती. पूल खचला होता आणि तीन आठवडे माल आला नव्हता. दारात एक बाई आली, काखेत मूल, हातात रिकामा डबा. नाना म्हणाले, “नाही.” बाईनं डबा उलटा केला, बुडावर बोटांनी टकटक केलं, जणू तो रिकामा आहे हे यांना कळलंच नसावं. नाना पुन्हा म्हणाले, “नाही.” ती संध्याकाळपर्यंत समोरच्या पायरीवर बसली आणि मग निघून गेली. ती कोण होती, त्या मुलाचं काय झालं, कधीच कळलं नाही. कळलं असतं तर कदाचित नाना विसरलेही असते. त्या दिवसापासून त्यांनी दोन गोष्टी घालून दिल्या. एक, किल्ल्यांच्या कपाटात चार डबे कायम ठेवायचे, दर महिन्याला बदलायचे, आणि या दारातून कुणाला ‘नाही’ म्हणून पाठवायचं नाही. दुसरी, जेवढं मागितलं असेल त्याच्यावर चार जास्त मागवायचे.

ही दुसरी गोष्ट त्यांनी फक्त थोरलीला सांगितली होती, असं तिला आयुष्यभर वाटत आलं होतं.

“एकशे चव्वेचाळीस,” ती म्हणाली.

तिघांनीही माना वर केल्या.

“दर वीस खोक्यांमागं चार. नानांच्या वेळी चार म्हणजे सगळे मिळून चार डबे होते. पुढं माल वाढला, तशी डब्यांची खोकी झाली. मी पेन्सिलीनं वाढवायची आणि मग तुला चिठ्ठी द्यायची.” तिला आपल्या आवाजाचाच राग आला, लहान मुलानं कबूल करावं तसा तो येत होता. “कुणाला सांगितलं नव्हतं.”

“म्हणजे ताई, तूसुद्धा?” मधला म्हणाला आणि हसला. तीन दिवसांतलं ते पहिलं खरं हसू होतं. “अगं, मला तर नानांनी स्वतः सांगितलं होतं. ट्रकात बसवून. म्हणाले, ताईला कळू देऊ नकोस, ती हिशोबाची कडक आहे.”

धाकट्यानं नजर वळवून एक खोकं जवळ ओढलं.

सूनबाईनं मोकळ्या जागेत एकशे चव्वेचाळीस लिहिलं. “पुढचं माझं. मागवल्यापासून माल दारात पडेपर्यंत आपल्याकडे तेवीस दिवस जातात. तेवढ्या दिवसांत अडचण आली तर हाताशी काहीतरी हवं, म्हणून मी राखीव साठा धरला. अभ्यासात शिकवतात तसा. पण तो दुकानांच्या खऱ्या खपावर धरायचा असतो. मला वाटलं, माझ्या हातात आलाय तोच खरा आकडा.” तिनं एकशे ऐंशी लिहिलं. “काका?”

“कंपनी कधी पूर्ण माल देते का?” धाकटा एकदम उसळला. “शंभर मागा, पन्नास टेकवतात. दुप्पट मागितलं तेव्हा कुठं हवं तेवढं हातात येतं. हे मी नसतो करत तर तुमची दुकानं केव्हाच कोरडी पडली असती.”

“आणि हे नाना सांगून गेले होते?” थोरलीनं विचारलं.

धाकट्यानं कपाळावरची पूड पुसली. “दवाखान्यात. शेवटच्या आठवड्यात. म्हणाले, दोघं मोठी आहेत पण भाबडी आहेत. तू वरचं बघ.”

दाराशी निरीक्षक बाईंनी पान उलटल्याचा आवाज तेवढा आला.

सूनबाईनं शेवटचा आकडा लिहिला. तीनशे साठ. “कारखाना दुरुस्तीसाठी बंद होणार अशी आवई उठली त्या महिन्यात दुकानदारांनीच दुप्पट मागितलं. पुढं आपण चौघांनी आपापलं वर घातलं. माल येईना, म्हणून पुन्हा तेच मागितलं. मग कारखाना सुरू झाला आणि कंपनीनं तुंबलेलं सगळं एकदम पाठवलं.”

“आणि बाळं?” थोरलीनं विचारलं.

“बाळं होती तेवढीच होती, आत्या.”

“एकमेकांना विचारलं असतं तर,” मधला हळू म्हणाला.

“आपल्या घरात विचारतं कोण?” धाकटा म्हणाला. मग त्याचा स्वर बदलला. तो आता सूनबाईकडे नाही, थोरलीकडे वळला होता. “झालं ते झालं. यातलं एक अक्षर त्या बाईंच्या कानावर जायला नको. चौघांची नावं कळली तर संपलंच. ताई, कर सही.”

“कर, ताई,” मधला म्हणाला. मघाचं हसू कुठल्या कुठे गेलं होतं. “पोरीनं हिशोब छान मांडला, पण त्यानं ट्रक चालत नाहीत.”

थोरलीनं सूनबाईकडे पाहिलं. वाटलं, ही आता काही बोलेल, निदान रडेल. पण ती पुन्हा टोचायला लागली होती, एकामागून एक, ठोकळ्याचा आवाज न चुकवता.

थोरलीनं कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहायला सुरुवात केली. तिचं अक्षर नानांसारखंच होतं, मोठं आणि थोडं मागं झुकलेलं. चौघांनी वाढवलं, असं तिनं लिहिलं. सवय वडिलांनी लावली, वाढवलं आम्ही तिघांनी, आणि न कळता सूनबाईनं. प्रत्येकाला वाटलं, बाकीचे कमी पडतील. खाली सही केली.

“आपल्या हातानं घर बुडवलंस,” धाकटा म्हणाला.

ती उठली. गुडघे वाजले. दारापर्यंत जायला तिला बराच वेळ लागला, कारण सगळीकडे डबे होते.

निरीक्षक बाईंनी कागद दोनदा वाचला. चष्मा वर सरकवला. “ताई, तुम्ही खरं लिहिलंत हे मला कळतं. पण माझ्याकडच्या फॉर्ममध्ये एकाच नावाची जागा आहे. एका माणसाला दूर करता येतं. चौघं म्हणजे…” त्यांनी गोदामभर नजर फिरवली. “चौघं म्हणजे एजन्सीच.”

“हो,” थोरली म्हणाली.

“तुमचा सोमवारचा माल थांबवलेलाच आहे. आता तो येणारच नाही. नव्या केंद्राची घडी बसायला दोन-तीन आठवडे लागतील.”

“तोवर दुकानांत?”

“दुकानांत आठ दिवसांपासून नाहीये, ताई. तुमच्याकडून जात होता तोच माल होता.” बाईंनी नोंदवही मिटली आणि जाता जाता कपातला उरलेला चहा संपवला, बहुधा थोरलीला बरं वाटावं म्हणून.

धाकटा आधी गेला, कुणाशी न बोलता. मधला दाराशी रेंगाळला. “ताई, ट्रक विकायचे की ठेवायचे?” त्यानं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता निघून गेला.

बाईंनी आधीच मोजून ठेवलेली शेवटची दोन खोकी सूनबाईनंच फोडली. मग टोचा पुसून खोक्यावर ठेवला.

“मला वाचवलंत असं समजू नका, आत्या. तुम्ही आधी ‘माझ्याकडे आलं तेच दिलं’ म्हणालात, ते मी ऐकलंय.”

“हो.”

“मी आईकडे जाते काही दिवस. परत यायचं की नाही, ते तिथं गेल्यावर ठरवीन.” तिनं खडूचे आकडे पायानं पुसले. पूड इतकी होती की ते लगेच नाहीसे झाले.

थोरली एकटी उरली. दुपारचं ऊन दारातून तिरपं आत आलं होतं आणि हवेत पूड तरंगताना दिसत होती. तिनं झाडू शोधला. तेवढ्यात बाहेर सायकल लावल्याचा आवाज आला.

दारात एक रंगारी उभा होता. हातांवर, शर्टावर, कानाच्या पाळीवरही निळ्या रंगाचे थेंब. हातात रिकामा डबा.

“सगळी दुकानं पालथी घातली, मावशी. एकानं सांगितलं, गोदामात जा, तिथून कुणी रिकामं जात नाही. नात आहे माझी. तीन महिन्यांची. तिला दुसरं पचत नाही.”

“थांबा,” थोरली म्हणाली.

तिच्या पायांत एकदम बळ आलं. ती किल्ल्यांच्या कपाटापाशी गेली. हे डबे तिनं मोजणीत धरलेच नव्हते. ते मालात नव्हतेच कधी. पन्नास वर्षं, दर महिन्याच्या पहिल्या दिवशी, जुने काढून नवे. तिनं कुलूप उघडलं. चारही डबे रांगेत उभे होते, स्वच्छ, बाळाचं तोंड पुढे. तिनं पहिला काढून उलटा केला आणि बुडावरची तारीख उजेडात धरली.

अकरा दिवसांपूर्वीची होती.

तिनं दुसरा पाहिला. तिसरा. चौथा हातात घेऊन ती तशीच उभी राहिली. महिना कधी बदलला? चौकशी, पत्रं, भावांचे फोन, त्या धांदलीत पहिली तारीख आली आणि गेली. आणि आठवण झाली असती तरी बदलायला ताजा डबा होताच कुठं? भरलेल्या गोदामात मुदतीतला एकही डबा नव्हता.

अकरा दिवसांनी काय होतंय, असं तिच्या मनात आलं. ते आलं म्हणून ती घाबरली. खोक्यावरचा टोचा उचलला आणि चारही झाकणांवर एकेक घाव घातला.

परत दाराशी आली तेव्हा रंगारी तिथंच होता. आवाज ऐकून त्याचा चेहरा उजळला होता. त्याला वाटलं असावं, खोकं फोडलं.

“नाही,” थोरली म्हणाली.

त्याला नीट कळलं नाही. तो तिच्या खांद्यावरून आत पाहत होता. तिथं छतापर्यंत डबेच डबे होते, आणि त्यांच्यावरची बाळं हसत होती.

“एखादाच,” तो म्हणाला. “मावशी, एखादाच द्या.” आणि त्यानं हातातला डबा उलटा करून बुडावर बोटांनी टकटक केलं.